आधी दोन घास

हवालदार मच्छिंद्र ताकवणे यांची सगळी नोकरी रुळांच्या कडेकडेनं गेली. लोहमार्ग पोलिसात चोवीस वर्षं. दौंड म्हणजे जंक्शन, गाड्यांची ये-जा कधी थांबत नाही, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. कोणाचं पाकीट गेलं, कोणाची बॅग गेली, घरातून रुसून आलेलं पोर फलाटावर सापडलं, हे रोजचंच. पण ठाण्यात मच्छिंद्ररावांचं नाव निघायचं ते वेगळ्या कामासाठी. रुळावर माणूस गेला की साहेब म्हणायचे, "ताकवण्यांना बोलवा." पंचनामा कोणीही केला असता. ताकवणे लागायचे ते त्याच्या पुढच्या कामाला, घरच्यांना कळवायला.

हे काम कोणालाच नको असतं. मच्छिंद्ररावांनी ते मागून घेतलं नव्हतं, पण अंगावर पडलं तसं मन लावून केलं. त्यांची एक रीत होती, आणि ती काही त्यांनी शोधून काढलेली नव्हती. आपल्याकडे सगळे तसंच करतात. गेलेल्याला फोनवर गेला म्हणायचं नाही. 'जरा लागलंय, दवाखान्यात आणलंय, या,' एवढंच बोलायचं. घरातल्या बाईला फोन करायचा नाही, दीर, भाऊ, शेजारी असा कोणी पुरुष माणूस गाठायचा. 'गाडी सावकाश आणा' म्हणायचं. आणि शेवटी आवर्जून सांगायचं की निघायच्या आधी घरच्यांच्या पोटात दोन घास जाऊ द्या. एकदा कळलं की त्या घरची चूल पेटत नाही, माणूस दिवसभर पाण्याच्या घोटावर राहतो. पुढं सगळं अंगावर घ्यायचं असतं, तर पोटात निदान आधार असावा.

एवढं ऐकलं की पलीकडच्याला उमजायचं. तो "बरं" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. खरं काय ते सांगा, असं चोवीस वर्षांत फार थोड्यांनी विचारलं. ते विचारायचं नसतं. समजून घ्यायचं असतं.

रोज ड्यूटीवर जाताना मच्छिंद्रराव रुळांपलीकडच्या मारुतीपुढं उभे राहत. मागणं एकच. आज कोणाच्या घरी फोन करायला लावू नकोस. मारुती कधी ऐकायचा, कधी नाही.

त्यांचा दुसरा उद्योग होता बॉक्सिंगचा. भरती झाल्यावर पोलिसांच्या स्पर्धांत ते उतरत. दोन पदकं आणि कायमचं डावीकडं वळलेलं नाक, एवढी त्यातली कमाई. पुढं वयानं खेळ सुटला, पण हात शिवशिवायचे. फलाटावर पाण्याच्या बाटल्या विकणारी, चालत्या गाडीतून उड्या टाकणारी पोरं ते रोज बघत. आज उडी मारणारं पोर उद्या आपल्याच पंचनाम्यात येणार, हे त्यांना दिसत असे. रेल्वे कॉलनीत एक जुना हॉल बंद पडून होता, पत्र्याला भोकं, आत कबुतरं. अर्ज करून करून त्यांनी तो मिळवला. रिंग कुठली आणणार? फरशीवर चुन्यानं चौकोन आखला आणि चार कोपऱ्यांना वाळूनं भरलेल्या चार बादल्या ठेवल्या. गोणपाटात जुने कपडे ठासून भरले, मोच्याकडून वरून रेक्झिन शिवून घेतलं, झाली बॅग तयार. ड्यूटी बघून कधी सकाळी, कधी संध्याकाळी ते शिकवत. बघता बघता तीस-पस्तीस पोरं-पोरी यायला लागली. त्यातला एक पुढं फौजेत गेला, तिघं पोलिसात. सगळी त्यांना सर म्हणत.

त्यांची बायको अनिता म्हणायची, "एक पाय मेलेल्यांत, एक पाय ठोसे मारणारांत. मधी कवा घर लागलं तर जेवून जावा." ते हसत आणि ट्रॅकसूट चढवत.

इशरत मुलाणी हॉलवर आली तेव्हा तेरा वर्षांची होती. मैत्रिणीला सोबत म्हणून आली, मैत्रीण चार दिवसांत कंटाळली आणि ही राहिली. डावरी होती. तिचा डावा हात असा सुटायचा की पॅडवर आवाज झाल्यावर कळावं, हात येऊन गेला. मच्छिंद्ररावांनी इतक्या वर्षांत तसा हात पाहिला नव्हता. ते तिच्यासमोर तसं कधी बोलले नाहीत. घरी अनितापाशी मात्र रोज बोलत.

महिन्याभरानं तिचे वडील हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. चांदभाई मुलाणी रांजणगावच्या एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. पाळीपाळीनं कामगार न्यायचे-आणायचे. शिरूरला चौघांत एक खोली घेऊन राहायचे आणि आठवड्यातून एकदा दौंडला घरी यायचे. उंच, सडसडीत, हसरा माणूस. पोरीच्या जातीला हे कशाला, असं त्यांनी विचारलं, पण भांडायला आल्यासारखं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. मच्छिंद्ररावांनी वाद घातला नाही. इशरतला चौकोनात उभं केलं, हातात पॅड घेतले आणि म्हणाले, मार. पाच मिनिटं ती मारत होती. चांदभाई चपला हातात धरून बघत राहिले.

"हिच्या हातचा चहा बी आता जपून प्यावा लागंल," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं सर, दिली तुमच्या ताब्यात. पर पोलिसाच्या ताब्यात काय दिलं तर पावती मिळती ना?"

मच्छिंद्ररावही चेष्टेला कमी नव्हते. फलाटावर सापडलेली पोरं आईबापांच्या हवाली करताना ठाण्यात जशी ताबा पावती करतात, तशी त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिली. 'इशरत चांदभाई मुलाणी, वय तेरा, हातपाय धड, बोलायला तिखट, आज रोजी ताब्यात घेतली. मागाल तेव्हा परत करीन.' खाली सही, हुद्दा, तारीख. चांदभाई वाचून खूप हसले आणि कागदाची घडी घालून लायसनच्या पाकिटात ठेवला.

त्यानंतर तीन वर्षं गेली. इशरत तालुक्यात जिंकली, जिल्ह्यात जिंकली. चांदभाईंनी तिची एकही लढत पाहिली नाही. दर वेळी ड्यूटी आडवी यायची. बसवर दुसरा ड्रायव्हर मिळत नसे, आणि बस चुकली तर साठ माणसांची पाळी चुकणार. लढत संपली की पोरगी फोन करायची आणि ते बस कडेला घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकायचे. कुठला ठोसा कुठं बसला, पंच काय म्हणाले, समोरची रडली का. मागची माणसं ओरडायला लागली की म्हणायचे, "थांबा हो, तिसरी फेरी हाय."

यंदा जानेवारीत विभागाच्या स्पर्धा शिरूरलाच ठरल्या, एका मंगल कार्यालयात. चांदभाईंनी महिनाभर आधी सुट्टीचा अर्ज टाकला. अंतिम लढतीच्या दिवशी सकाळच्या पाळीची माणसं कंपनीत सोडून ते येणार होते. इशरतची आई रशिदा आणि धाकटा काका शाहनवाज दौंडहून सकाळच्या एसटीनं येणार होते. अख्खं घर पहिल्यांदा तिचा खेळ बघणार होतं. जिंकली तर तिचं नाव राज्याच्या स्पर्धेला जाणार होतं.

इशरतचा गट अठ्ठेचाळीस किलोचा. तीन दिवस आधी वजन केलं तर किलोभर जास्त भरली. मग सुरू झाली उपासमार. दोन दिवस तिनं अर्धी अर्धी भाकरी खाल्ली, दोन स्वेटर घालून पळाली. आई मच्छिंद्ररावांना फोन करून रडकुंडीला यायची, रोज्यात पोर इतकी वाळत न्हाई म्हणायची. मच्छिंद्रराव म्हणायचे, भाभी, दोनच दिवस, मग वाट्टेल ते खाऊ घाला. अंतिम लढतीच्या सकाळी आठ वाजता शिरूरला वजन झालं. सत्तेचाळीस किलो नऊशे. इशरतनं दोन केळी खाल्ली आणि तेव्हापासून ती दाराकडं बघत होती. अब्बा आले का, अम्मी आली का.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मच्छिंद्ररावांचा फोन वाजला. शाहनवाज होता. मागं गडबड ऐकू येत होती, कोणीतरी बाई काहीबाही सांगत होती आणि तो ते पुढं बोलत होता.

"सर, भाईजानला दवाखान्यात आणलंय. शिरूरलाच, बसस्टँडमागं. छातीत दुखाय लागलं. इशरतला घेऊन या. पर तिला आत्ता काय बोलू नका." मग थोडं थांबून, "आन् सर, आधी तिच्या पोटात दोन घास जाऊ द्या, मग आणा. सावकाश आणा."

मच्छिंद्रराव "बरं" म्हणाले.

त्यांनी फोन खाली घेतला आणि कार्यालयाच्या मागच्या बाजूला, जिथं लग्नातली भांडी धुवायचा हौद होता, तिथं जाऊन उभे राहिले. चांदभाई गेला, हे त्यांना कळून चुकलं होतं. कोणी सांगायची गरज नव्हती. फोन बाईनं केला नव्हता, दिरानं केला होता. काय बोलू नका म्हणाला होता. दोन घास म्हणाला होता. सावकाश म्हणाला होता. हे शब्द मच्छिंद्ररावांनी किती घरांत पोचवले होते, त्याचा हिशेब त्यांच्यापाशी नव्हता. आज पहिल्यांदा ते त्यांच्याच कानात आले होते, आणि इतरांसारखेच तेही काही विचारू शकले नव्हते. शाहनवाजच्या तोंडून ते शब्द वदवून घ्यायचे कशाला? त्याचं मन आधीच किती जड असेल.

हौदापाशी उभं राहून त्यांनी विचार केला. लढत पाऊण वाजता होती. चांदभाई आता काही उठून बसणार नव्हता. दीड तास आधी नेलं काय आणि नंतर नेलं काय, पोरीला दिसणार ते एकच. पण आत्ता नेलं तर तीन वर्षांची मेहनत गेली, आणि ज्याच्यासाठी ती दाराकडं बघत होती तो माणूसही गेला. दोन्ही एकाच दिवशी. निदान एक तरी तिच्या हातात राहू दे. चांदभाईला स्वतःला काय आवडलं असतं? बस कडेला घेऊन तिसरी फेरी ऐकणारा माणूस तो. मच्छिंद्ररावांनी मनातल्या मनात मारुतीला हात जोडले आणि आत आले.

"अब्बा आले का?" इशरत हाताला पट्ट्या गुंडाळत होती.

"ड्यूटी लागली आसंल. अम्मीची एसटी बी उशिरा आसंल," ते म्हणाले. "तू इकडं ध्यान दे. डावा वर."

लढत सुरू व्हायच्या आधी शाहनवाजचे आणखी तीन फोन येऊन गेले. मच्छिंद्ररावांनी आवाज बंद केला होता. मुसलमानांत मातीला उशीर लावत नाहीत, तेव्हा वेळ ठरवायला करत असेल, असं त्यांनी धरलं. 'येतोय' एवढा मेसेज पाठवला.

ती लढत इशरत सुरेख खेळली. समोरची सोलापूरकडची पोरगी ताकदीची होती, पहिल्या फेरीत तिनं इशरतला दोरांवर नेलं. दुसऱ्या फेरीत इशरतचा डावा हात चालायला लागला आणि तिसऱ्या फेरीत तर बघणारे उठून उभे राहिले. मच्छिंद्रराव कोपऱ्यात बसून नेहमीसारखं डावा, पाय, मागं, असं ओरडत होते, आणि आपण ओरडतोय हे त्यांना दुसऱ्या कोणाचं ऐकल्यासारखं वाटत होतं. पंचांनी तिचा हात वर केला तेव्हा ती खुर्च्यांकडं बघत होती. एकेका ओळीवरून तिची नजर फिरली आणि परत आली.

पदकं द्यायला पाहुणे उशिरा आले. पावणेदोन झाले. मग मच्छिंद्ररावांनी तिला रस्त्यापलीकडच्या हॉटेलात नेलं आणि पुरीभाजी मागवली. ते स्वतः चहासुद्धा प्यायले नाहीत. इशरत दोन दिवसांची भुकेली, जिंकलेली, सोळा वर्षांची पोर. ती खात होती आणि बोलत होती. दुसरी प्लेट मागू का सर? माग. ती कशी खाली वाकली तवा मी कसा मारला, बघितलं ना सर? बघितलं. अब्बांना फोन लावू का? खाऊन घे आधी. मच्छिंद्ररावांना वाटत होतं, खाऊ दे. हिचं पोट भरू दे. पुढं किती दिवस ही जेवणार नाही. त्यांनी तिच्या ताटात आणखी भाजी वाढायला सांगितली. अर्धा तास गेला. चोवीस वर्षांत त्यांनी लोकांना जे सांगितलं, ते आज ते स्वतःच्या डोळ्यांनी होताना बघत होते, आणि यात कुठंतरी दया आहे असं त्यांना वाटत होतं.

रिक्षात त्यांनी सांगितलं की अब्बांना जरा बरं नाही, दवाखान्यात जाऊ. तिचा चेहरा उतरला, पण घाबरली नाही. जॅकेटखालचं पदक तिनं वर काढून ठेवलं. "बघितलं का उठून बसत्याल," म्हणाली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर शाहनवाज उभा होता. त्यांना बघून तो खाली आला नाही, तिथंच खांबाला टेकला.

"किती वाट बघितली सर," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणले पुण्याला हलवता येत न्हाई. भाईजान सारखं इचारत होता, इशू आली का. मी म्हणायचो, निघालीय, वाटंत हाय."

मच्छिंद्ररावांना काही कळेना. त्यांनी विचारलं, "कवा?"

"आत्ता. वीस मिन्टं झाली."

इशरत दोघांच्या मधून आत धावली होती. आतून तिचा आवाज आला आणि मग आला नाही. मच्छिंद्रराव दारापर्यंत गेले. रशिदा बाकावर बसली होती, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. रडून रडून तिचा आवाज बसला होता. पोरीच्या पाठीवरून हात फिरवत ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती. "जेवली का गं तू? काय खाल्लंस का?"

तेव्हा मच्छिंद्ररावांना कळलं. सकाळी फोनच्या मागं जी बाई बोलत होती, ती आई होती. दोन दिवस उपाशी ठेवलेली पोर बापाला नळ्या लावलेलं बघून चक्कर येऊन पडेल, म्हणून ती खाऊ घाला म्हणत होती. सावकाश म्हणत होती कारण रस्ता हायवेचा. काय बोलू नका म्हणत होती कारण तेव्हा डॉक्टर धीर देत होते. त्या बोलण्यात जे होतं तेवढंच होतं. बाकीचं सगळं मच्छिंद्ररावांनी आपल्या पदरचं घातलं होतं.

नर्सनं चांदभाईंच्या खिशातल्या वस्तूंची पिशवी त्यांच्या हातात दिली. पोलीस आहेत हे कोणीतरी सांगितलं असावं. घड्याळ, तंबाखूची डबी, लायसनचं पाकीट. त्यांनी सवयीनं एकेक वस्तू बघून घेतली. पाकिटातल्या घडीच्या कागदावरचं अक्षर त्यांचंच होतं.

मातीला दौंडला खूप माणसं आली. कंपनीतले ड्रायव्हर आले, हॉलवरची सगळी पोरं आली. मच्छिंद्ररावांनी खांदा दिला. लोक शाहनवाजला विचारत की पोरगी शिरूरातच होती तर तिला भेटता कसं आलं नाही. तो सांगे, "मी फोन केला तवा तिची मॅच चालू झाली व्हती. मधूनच कसं उठवणार? सर तरी काय करतील?" त्यानं ते मनाशीच ठरवून टाकलं होतं. आपण फोन कधी केला हे त्याला माहीत होतं, लढत कधी झाली हे नव्हतं. इशरतला लढत कधी झाली हे माहीत होतं, फोन कधी आला हे नव्हतं. एका घरातली ही दोन माणसं एकदा समोरासमोर बसून आपापली वेळ बोलली असती की झालं. पण दुःखाच्या घरात कोण घड्याळं जुळवतं?

मच्छिंद्रराव मात्र रोज जुळवत होते. अकरा दहा. पाऊण. दोन दहा. त्यांनी हॉल उघडणं सोडलं नाही, शिकवताना मात्र मध्येच थांबत आणि पोरं पॅड धरून वाट बघत राहत. इशरत येत नव्हती. तिचं नाव राज्याच्या स्पर्धेला गेलं होतं. पोरं विचारत, इशरतदीदी कवा येणार? अनितानं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी त्यांना समोर बसवलं. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "देवाला तर ठाऊकच हाय. आता ज्यांचं गेलंय त्यांना ठाऊक होऊ द्या. न्हाईतर तुम्ही त्या घरात कोणत्या तोंडानं जाणार?"

तरी त्यांना चाळीसाव्या दिवसापर्यंत धीर झाला नाही.

चाळीसाव्याला ते गेले. फातेहाची प्रार्थना होऊन गेली होती, नातेवाईक पांगले होते. कॉलनीमागच्या गल्लीत मुलाण्यांचं दोन खोल्यांचं घर. शाहनवाजनं सतरंजी घातली. रशिदानं लगेच ताट वाढून आणलं, पुलाव आणि शिरा, आणि त्यांच्यापुढं ठेवलं. इशरत आतल्या दाराशी उभी होती. बारीक झाली होती, वजनासाठी उपाशी न राहताही.

"भाभी, मला काहीतरी बोलायचंय," मच्छिंद्रराव म्हणाले.

"आधी दोन घास खावा सर, मग बोला."

"न्हाई भाभी. आज आधी बोलतो."

त्यांनी सांगितलं. ठाण्यात जबाब लिहून घेतात तसं, क्रमानं, वेळा सांगून. फोन अकरा दहाला आला, लढत पाऊणला होती. मधल्या वेळात रिक्षानं दहा मिनिटांत पोचता आलं असतं. तुमचं बोलणं ऐकून मला वाटलं चांदभाई गेला, कारण गेलेल्या माणसाच्या घरी आम्ही असंच सांगतो. मी उलटून विचारलं नाही. नंतरचे फोन घेतले नाहीत. लढत झाल्यावरसुद्धा हॉटेलात अर्धा तास बसवून तिला जेवू घातलं. त्यांनी स्वतःला सोडवणारं एकही वाक्य घातलं नाही, तरी बोलून झाल्यावर त्यांना वाटलं की आपण फार बोललो.

शाहनवाजनं मान खाली घातली होती. रशिदा ताटाकडं बघत होती.

"आम्ही तर नुसतं जेवायचंच म्हणलं होतं सर," ती म्हणाली. रागानं नाही. तिला ते खरंच समजत नव्हतं.

इशरत दारातूनच बोलली. "अकरा वाजता अब्बा बोलत होते?"

खोटं बोलायला तिथं जागा होती, पोरीसाठी घरच्यांनीही ते खपवून घेतलं असतं. थोडं थोडं बोलत होते, शुद्ध हरपत होती, असं म्हणता आलं असतं. मच्छिंद्रराव म्हणाले, "व्हय. नीट बोलत होते. तुलाच विचारत होते."

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात तो घडीचा कागद होता. तिनं तो त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"मागाल तवा परत करीन, असं लिवलंय सर," ती म्हणाली. "अब्बांनी अकरा वाजता मागितलं होतं."

रशिदानं पदर तोंडाला लावला. मच्छिंद्ररावांनी कागद उचलून खिशात घातला, कारण तो तसाच ठेवून उठणं हाही एक अपमान झाला असता. दाराशी त्यांनी चपला घातल्या आणि मागं वळून हात जोडले. ताट तसंच भरलेलं होतं.

इशरत राज्याच्या स्पर्धेला गेली नाही. जूनपासून ती परगावी मामाकडे राहते, तिथल्या कॉलेजात शिकते. खेळते की नाही, हे मच्छिंद्ररावांना ठाऊक नाही. एकदा बाजारात रशिदाभाभी भेटल्या. थांबल्या, अनिताची चौकशी केली, भाजी महाग झाली म्हणाल्या आणि गेल्या. चांगल्या बाईनं एवढं तरी बोलावं, तेवढं त्या बोलल्या. हॉलवर आता दुसरी एक डावरी पोरगी येते. तिला ते नीट शिकवतात. तिच्या वडलांनी हसत काही विचारलं की मात्र ते हसत नाहीत.

ठाण्यात त्यांच्याविषयी जरा कुरबुर आहे. ताकवण्यांना काय झालंय कळत नाही, असं लोक म्हणतात. पूर्वी किती सांभाळून सांगायचे, आता फोनवर सरळ म्हणतात, तुमचा भाऊ वारला आहे, मी हवालदार ताकवणे बोलतोय. पलीकडं किंकाळी उठते. ते फोन ठेवत नाहीत, कानाला लावून उभे राहतात आणि पलीकडचं रडणं थांबेपर्यंत ऐकत राहतात. एका नव्या शिपायानं धाडस करून सांगितलं की काका, थोडं दमानं सांगत जावा. ते म्हणाले, "दमानं सांगितलेलं मी ऐकलंय."

परवा दुपारी यवतच्या बाजूला एक माणूस चालत्या गाडीतून पडला. चाळिशीचा, पायाचा चेंदा झालेला, पण शुद्धीवर. अँब्युलन्समध्ये चढवताना तो बायकोचं नाव घेत होता. मच्छिंद्ररावांनी त्याच्या फोनमधून घरचा नंबर काढला आणि दीर नको, शेजारी नको, बायकोलाच लावला. ती घाबरून विचारत होती, काय झालं, कोण बोलतंय, लेकरं शाळेतून आत्ताच आलीत, त्यांना वाढतेय.

"ताई, मालक जिवंत आहेत," मच्छिंद्रराव म्हणाले. "बोलतायत. तुम्हालाच विचारतायत. ताट तसंच ठेवा आणि निघा. जेवायला थांबू नका."